दुसरा तुकडा

रंभाआक्का, शुक्रवार पेठेतून तुझ्या धुळाचा नमस्कार.

माझ्या गालातल्या गाठीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तू साऱ्या मैंदर्गीत पेढे वाटलेस. माझ्यासाठी सोडलेला चहाही पुन्हा सुरू केलास. त्याच संध्याकाळी आभार मानायला मी दवाखान्यात गेलो. पडद्याआड डॉक्टरीणबाई मदतनिसाला सांगत होत्या, "तपासायला घेतलेला तुकडा वरवरचा निघालाय. गाठ जबड्याला लागून आहे, तिथपर्यंत आपण पोचलोच नाही."

माझे कान तुला माहीत आहेत. मेंढरांच्या बाजारात दोन व्यापारी कानडीत कुजबुजले तरी मला भाव कळतो. हे मात्र कानावर पडलं नसतं तर बरं, असं वाटलं.

आत जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "काका, खोलवरून दुसरा तुकडा घ्यावा लागेल. त्याशिवाय कॅन्सर नाही असं मी म्हणणार नाही."

मी हसून म्हणालो, "आमीबी मेंढराची लोकर बघून सौदा करत न्हाय, बाई. लोकरीत हात घालून पाठीचं हाड चाचपतो. घ्या तुकडा." बाईही हसल्या. त्यांनी सोमवारची वेळ लिहून दिली.

हे पत्र तुला शेजारचं कुणीतरी वाचून दाखवणार आणि तू आहेस तिथंच मटकन बसणार. म्हणून पोस्टात टाकत नाही. फोन करीन. "सोमवारी दाढ काढायची हाय, आक्का, येतीस का?" एवढंच म्हणेन.

तू हसशील. "एवढा मोठा बाप्या, दाढंला भितोस व्हय?"

व्हय म्हणेन.

तुझा,
धुळा