न नेलेले तीन पास

१० फेब्रु., सोम.
विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ शनिवारी, नाट्यगृहात. माझ्या टेबलावर पासांचे लिफाफे. एकेकात तीन: एक पीएच.डी.वाल्याचा, दोन पालकांचे. न्यायला यायची मुदत उद्या संपते, आणि या विद्वानांना तारीख वाचता येत नाही. सगळ्यांना फोन करून घसा बसला. पाचोडच्या वर्षा नावाच्या मुलीचा फोन बापानं उचलला. म्हटलं, "मुलीला सांगा, उद्या पाचपर्यंत सही करून पास न्या, नाहीतर यादीतून नाव काढतो. पुन्हा पुन्हा फोन करायला आम्ही रिकामे नाही."  पलीकडून, "मी येतो साहेब."

११ फेब्रु.
आला. पाचोडला शिवणाचं दुकान आहे, नखांत खडू. रजिस्टर पुढं केलं, मुलीचीच सही लागते म्हणालो.
"ती नाय ना साहेब. महिना झाला. पैठण रोडला ट्रकनं ठोकलं."
मी "बसा" म्हणालो. खुर्चीवर लिफाफे होते, ते उचलायचंही सुचलं नाही. काल या माणसाशी काय बोललो मी. लाज वाटते.
फॉर्म तिनं डिसेंबरातच भरलेला, 'उपस्थित राहणार'. म्हणून यादीत नाव.
"स्टेजवरनं तिचं नाव घ्या फक्त. तिच्या आईला ऐकायचंय. दुसरं काय नको."

१२ फेब्रु.
उपकुलसचिव साहेबांना विचारलं. "उमेदवार नाही तर नाव नाही. नाव नाही तर पालकांना पास नाही. पदवी पोस्टानं पाठवा. आणि यादी आजच दुरुस्त करा." नियम बरोबर आहे, गेल्या वर्षी मीच टाइप केला होता. मरणोत्तर पदवीचा ठराव आणायचा तर बैठक मार्चमध्ये.
कॉम्प्युटरवर तिचं नाव उघडलं. 'अनुपस्थित' करायचं, एक बटण. डबा खायला गेलो.

१३ फेब्रु.
यादी छापायला गेली. वर्षा, क्र. ४७. कुणी विचारलं तर विसरलो म्हणेन. विसरलेलो नाही. घरी शोभाला सांगितलं. "दोन वर्षं राहिलीत तुमच्या नोकरीची," बायको एवढंच म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

१४ फेब्रु., शुक्र.
बापाला बोलावून पालकांचे दोन पास दिले. तो हलेना. "तिसरा पण द्या की."
"तो उमेदवाराचा."
पिशवीतून पांढरा ड्रेस काढला. समारंभाला पांढरे कपडे सक्तीचे, म्हणून त्यानंच वर्षासाठी शिवलेला. "धाकटीला बसतोय. खांद्यात उसवून घेतला थोडा. ती जाईल स्टेजवर. नाव पुकारलं आन् कुणी उठलंच नाय, तर तिची आई..."
मी ओरडलो. तोतयेगिरी म्हणतात याला, पोलीस केस होईल, तुमच्या पोरीवर आणि माझ्यावरही. ऐकून घेतलं त्यानं. ड्रेसची नीट घडी घातली, बाहीवर बाही, आणि गेला.
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाव पुकारलं की कुणीतरी उठावं लागतं. यादीत नाव ठेवून मी त्या बाईचं भलं केलं की वाटोळं, कळत नाही. आणि आता यादी बदलता येत नाही.

१५ फेब्रु., सकाळी साडेसात
नाट्यगृहाचं उमेदवारांचं गेट माझ्याकडं. पास आणि आधार कार्ड बघायचं, चेहरा जुळवायचा, नावापुढं खूण करायची. आठला उघडायचंय.
पाचोडची मंडळी पहिल्याच एसटीनं आलेली दिसतात. आई पायरीवर बसलीय, दोन्ही पास मुठीत. बाप माझ्याकडं बघत नाही. धाकटी पांढरा ड्रेस घालून रांगेत तिसरी. एकवीस-बावीसची असेल. फॉर्मवरच्या फोटोसारखीच दिसते, हनुवटी तर तीच. हातात पास नाही.
तो माझ्या खिशात आहे. सकाळी निघताना का घेतला, शोभानंही विचारलं नाही.
वॉचमन कुलूप काढतोय.