मुमताजचा स्वतःचा श्वास

पिंपरी, ता. १२ मार्च १९५७

ती. दादास,
दुर्गाचा सा. न. वि. वि.

इस्पितळात नर्स म्हणून माझी नेमणूक आता नव्या यंत्राच्या खोलीत झाली आहे. लांबट लोखंडी पेटीत पेशंटला मानेपर्यंत निजवतात, डोकं तेवढं बाहेर. पेटीचा भाता हलला की छाती फुगते आणि बसते. सध्या आत मुमताज आहे, वीस वर्षांची. तापात हातपाय लुळे पडले, मग श्वासही घेता येईना. तिचा नवरा रहिमान इथल्या बाजारात सायकली दुरुस्त करतो. रोज दोनदा येतो आणि सवयीनं पेटीचे नटबोल्ट चाचपून बघतो. मी रागावते, पण मनातून मलाही धीर येतो.

तिचे केस मीच विंचरायचे, असा मुमताजचा हुकूम आहे. बाकीच्यांचा भांग वाकडा पडतो म्हणे.

आईला नमस्कार. उत्तराला उशीर केलास तर वहिनीकडे तक्रार जाईल.

तुझी
दुर्गा

कुरुळी, ता. २० मार्च १९५७

चि. दुर्गास यशवंताचे अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. मुमताजची हकिगत तिनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली की ती पोर बरी होवो, पण तो आजार आपल्या पोरीला लागला तर काय करायचं? नोकरी सोडून घरी ये, असा तिचा निरोप आहे. चिंबळीचं स्थळही विचारून गेलं.

माझी शंका निराळी. श्वास यंत्र घेतं, तर तुला दिवसभर भांग पाडण्याखेरीज काम काय असतं? रागावू नकोस. कांदा यंदा झकास आला आहे.

जिवाला जप, आणि आमच्यावर माया असू दे.

तुझा
दादा

पिंपरी, ता. २ एप्रिल १९५७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शंकेचं उत्तर परवा दुपारी मिळालं. वीज गेली आणि भाता थांबला. अशा वेळी पेटीचा दांडा हातानं ओढावा लागतो. रहिमान आणि दोन वॉर्डबॉय आळीपाळीनं ओढू लागले, पण घाबरून तिघंही घाई करत होते. मुमताजचे ओठ निळसर दिसायला लागले. मी तिच्या उशाशी बसले, गालावर हात ठेवला आणि मोठ्यानं आकडे म्हणू लागले. त्या तालावर दांडा चालला. तिनं पाऊण तास माझ्यावरची नजर हलवली नाही.

पेशंट घाबरलंय हे यंत्राला कळत नाही, दादा. ते ओळखायचं, अंग पुसायचं, मानेला जखम होऊ द्यायची नाही, घास गिळता येईल अशा बेतानं भरवायचा, हे सगळं आमच्याकडे.

आणखी एक. दांडा एकाच्या हातून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर थांबला, तेव्हा तिच्या नाकपुड्या आपसूक हलल्या. डॉक्टर म्हणाले, भास असेल. मी हट्टच धरला की माझ्यासमोर एकदा भाता थांबवून बघा. काल थांबवला. तिनं चार श्वास स्वतः घेतले! रहिमान बाहेर भिंतीकडे तोंड करून रडला आणि मग साऱ्या वॉर्डाला जिलबी घेऊन आला.

आईला सांग, हात स्वच्छ धुतल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही.

दुर्गा

कुरुळी, ता. ६ ऑक्टोबर १९५७

चि. दुर्गास अनेक आशीर्वाद.

काल अचानक रहिमान आणि मुमताज एसटीनं आपल्याकडे आले. तिच्या एका पायात अजून जोर नाही, कुबडी लागते. पण फाट्यापासून घरापर्यंत रहिमानचा हात न धरता चालत आली. आईनं थालीपीठं लावली. मुमताजनं तुझ्याविषयी जी सुरुवात केली ती थांबेचना. शेवटी आई म्हणाली, "पोरी, जरा दम तर खा." तशी मुमताज इतकी हसली की तिला बघून रहिमानही हसू लागला. आईनं पदर डोळ्यांना लावला.

ती दोघं गेल्यावर आईनं चिंबळीकरांना निरोप धाडला की मुलगी नोकरी सोडणार नाही, चालत असेल तर बोला. आणि मला हे शब्द जसेच्या तसे लिहायला लावले: "घरी ये म्हनले व्हते ते दिवाळीपुरतं. चार दिस ऱ्हा अन् माघारी जा. तितं कुनीतरी वाट बगत आसंल."

आम्हीही बघतोच आहोत, एवढं ध्यानात असू दे.

तुझा
दादा