मुकादमाची बोली

२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू धाकटा आणि मी बहिरी. आपल्या घरात या दोन प्रकारच्या माणसांना सगळं ठरून गेल्यावर सांगतात. तुला पन्नाशी आली तरी त्याला काय कळतंय म्हणून, आणि मला, तिला कुठे ऐकू येतंय म्हणून.

परवा दादा आला. माझ्याकडे पाठ करून, खोलीच्या भिंती न्याहाळत बराच वेळ बोलला. मग लक्षात आलं तसं कागदावर लिहून दिलं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की मी ही खोली सोडायची आणि त्याच्याकडे जायचं. माझा बोका मुकादम तिथे चालणार नाही, दादाच्या सूनबाईला केसांचा त्रास होतो. घरमालकाला द्यायची चिठ्ठी तो तयारच घेऊन आला होता. खोली आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून सह्यांच्या जागा दोन. मी सही केली नाही. तुझ्या जागेवर त्याचा अंगठा होता, तो काही त्याने हलवला नाही.

डॉक्टरांनी दहा दिवस वाकायचं नाही, घरात केस-धूळ नको असं बजावलंय. म्हणून मुकादमाला तुझ्याकडे पाठवते. शेजारची शिंपीण टोपलीतून आणून देईल. मासा काटे काढून घाल. बाकी काय हवं ते तो सांगेलच.

लोभ असू दे, आणि उत्तरही असू दे.
तुझी ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुकादम पोहोचले. आल्या आल्या दुकानाची तपासणी झाली. मग माझ्या टेबलावर बसून उघड्या घड्याळाकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढ्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने पाहिलं नसेल. तुमच्या गिरणीतला खरा मुकादम याच्यापुढे गरीब गाय असणार.

पण ताई, बोका मुका आहे हे तू कधी बोलली नाहीस. समोर येऊन बसतो, मी मान वर करेपर्यंत टक लावतो, मग तोंड चांगलं मोठं उघडतो, आणि आवाज मात्र नाही. घसा बसला असेल म्हणून दोन दिवस मी त्याला वाफ द्यायचा प्रयत्न केला. हातावरचे ओरखडे अजून ताजे आहेत. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, सुई टोचली, तेव्हा असा ओरडला की बाकावरचं धिप्पाड कुत्रं मालकिणीच्या मागे लपलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, याची बोलायची सवय कुणी मोडली ते घरी विचारा.

आता दुसरं. अंगठ्याखाली माझी सही होती. उद्या दूध उतू जाईल, कुणी दार ठोठावेल आणि ती तशीच बसून राहील, मग रडत बसशील, असं दादा म्हणाला. मी पेन हातात घेतलं. भीती खरी होती, ताई. अजून आहे.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा बारक्या

१० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वाकड्या गेल्या तर समजून घे. विचार सरळ आहेत.

सवय कुणी मोडली नाही. एकतीस वर्षं मी मागावर उभी राहिले. दोनशे माग एकदम चालू असतात तेव्हा शेजारणीच्या कानात ओरडलं तरी पोहोचत नाही. म्हणून आम्ही बायका आवाज वाया घालवत नसू. आधी समोरचीची नजर धरायची, मग ओठांनी शब्द पुरता घडवायचा. त्या बोलीत आम्ही लग्नं जुळवली, संप ठरवला, आणि मुकादम दोन हातांवर उभा असताना त्याची नक्कलही केली. माझे कान गिरणीच्या त्या माग-खात्याने घेतले, बोली त्याला घेता आली नाही.

हा बोका आला तेव्हा दीड महिन्याचा होता. आठ दिवस माझ्या पाठीमागे बसून केकाटला, असं शिंपीण सांगते. नवव्या दिवशी समोर येऊन बसला, माझी नजर धरली आणि तोंड उघडलं. मी ताबडतोब दूध दिलं. मग आवाजाचं त्याला काय काम? मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत असं मी वाचलंय, ती हाक ती माणसांसाठी राखतात. माझ्यासाठी याने तीही बदलली. दूध वर आलं की माझ्या पायावर पंजा मारून शेगडीकडे बघतो. दार वाजलं की दाराशी जाऊन वळून बघतो. ओळखीचं माणूस असेल तर शेपटी उभी, परकं असेल तर पोट जमिनीला. मीही त्याचं शिकले. डोळे सावकाश मिटून उघडले की त्याला कळतं, निरोप पोहोचला.

मला ऐकू येत नाही हे दादाला पंचवीस वर्षं ठाऊक आहे, आणि तो अजून माझ्या पाठीशी बोलतो. बोक्याला आठ दिवस पुरले.

त्याला वाफ देऊ नकोस. मान वर करत जा.
तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मी डोळ्याला भिंग लावून एका जुन्या घड्याळाची कमान बसवत होतो. आत गॅसवर पाणी ठेवलं होतं. मुकादमाने मनगटावर पंजा ठेवला, मी झटकला. पुन्हा ठेवला, मी खेकसलो. तेव्हा तो सरळ त्या उघड्या घड्याळावरच बसला. मी उठलो तसा आतल्या दाराशी जाऊन माझ्याकडे वळून बघायला लागला. पातेलं कोरडं पडून काळं झालं होतं, तडतडत होतं. माझे दोन्ही कान धडधाकट, आणि ते त्याच घरात होते. कामात असलो की मी तुझ्याइतकाच बहिरा असतो, फक्त मला कुणी खोली सोडायला सांगत नाही.

दादाला ते पातेलं दाखवलं. तो म्हणाला, मांजराच्या भरवशावर माणूस ठेवता येत नाही. चिठ्ठी त्याने घरमालकाकडे दिली आहे. तिला ऐकू येत नाही, तेव्हा धाकट्याच्या सहीवर भागवा, असं सांगितलंय. घरमालक गुरुवारी ठरवणार. दादापुढे मी आजवर नाही म्हटलेलं नाही. काय करू ते लिही.

तुझ्या मायेचा धनी,
बारक्या

१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पट्टी निघाली. शेजारच्या सज्जात शिंपीण नवऱ्याला काय काय सुनावते ते आता मला इथून शब्दन् शब्द कळतं. त्याला ऐकू येऊनही कळत नाही.

दादाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या दिवसांत मुकादम नव्हता, तर दोनदा दूध करपलं, आणि शिंपीण पाव तास दारात ताटकळली. पण त्याचा उपाय बघ. तो माझ्याकडून आधी बोका काढून घेणार, मग ज्या घरात कुणी माझ्यासमोर येऊन बोलत नाही तिथे मला बसवणार, आणि मग बिचारी बहिरी म्हणून हळहळणार. मला या खोलीत बहिरेपण जाणवत नाही, त्याच्याकडे रोज जाणवेल. मुकादम नऊ वर्षांचा आहे, तो जन्माला पुरणार नाही हे मला कळतं. त्याच्यामागून दुसरं पिल्लू आणीन आणि दोघं मिळून पहिल्यापासून शिकू. एका जिवाला मी समजले, एक जीव मला समजला, हे मी या हातांनी आणि या ओठांनी कमावलंय. कुणाच्या दयेवर ते मिळालेलं नाही, आणि दयेपोटी मी ते सोडणार नाही.

काय करू, असं विचारलंस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुला कुणी ठरवू देतंय, आणि नेमकी तुझीच सही हवी आहे. गुरुवारी दहाला दुकानाला कुलूप लाव. दादाला विचारू नकोस, निरोप धाडू नकोस. घरमालकाच्या कचेरीत जा आणि तुझी सही मागे घे.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे. गुरुवारी तो लेखी दे.
तुझी ताई