नळावरची पहिली बादली

३ जून
डायरी गेल्या वर्षीची. वार चुकीचे आहेत, तारखा चालतील. एवढी कोरी पानं रद्दीत घालायला मी काही लखपतीची लेक नाही.
सूनबाई इतिहासात एम.ए. करते आहे. दुसरं वर्ष, प्रबंध लिहायचाय. मला वाटलं, राजेरजवाडे असतील. तर विषय निघाला आमच्या जुन्या क्वार्टर्समधला सार्वजनिक नळ! पाण्याला बायकांचे नंबर कसे लागायचे, यावर म्हणे पदवी मिळते. मग मी तिथे उभा जन्म पाणी भरलं, मला एव्हाना कुलगुरू करायला हवं होतं.
तरी बरं वाटलं. मॅट्रिकला इतिहास हा माझा हातखंडा विषय. संकल्प: लागेल ती मदत करायची. लुडबुड नाही.

५ जून
सूनबाई म्हणाली, आई, नळावरच्या तुमच्या मैत्रिणींचे फक्त नंबर द्या. आधी त्यांच्याशी काही बोलू नका हं. माझा सगळा प्रबंध त्यांच्या तोंडच्या शब्दांवर उभा आहे. मी शब्द दिला.
जुने दिवस आठवले. पाणी सकाळी तासभरच. पण मी कधी रांगेत ताटकळले नाही. बादली लावायची, घरी येऊन जपाला बसायचं. उठून जावं तर बादली आपली पहिलीच. देवाची कृपा, दुसरं काय!

८ जून
सहाजणींना फोन केले. फक्त वेळ कळवायला. वेळ सांगताना दोन वाक्यं जास्तीची होतातच. विचारलं, काय सांगणार गं तुम्ही? प्रत्येकीला आधी भांडणंच आठवली. कोणी कोणाची वेणी ओढली, कोणी कोणाची घागर फोडली. शोभतं का हे? प्रबंध कॉलेजात कायमचा राहणार, उद्या नातवंडं वाचतील. म्हणून सगळ्यांना एक चांगलंसं वाक्य दिलं: आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या नांदलो, पाणी कमी होतं पण माया कमी नव्हती.
ही लुडबुड नव्हे. पाहुणे येण्याआधी आपण घर आवरतो, तसंच हे.
फोनचा खर्च ‘शिक्षण’ या सदराखाली टाकला.

९ जून
सहाजणींतल्या तोफेच्या घरी मात्र जातीनं जावं लागलं. तिचा आवाज नळापासून फाटकापर्यंत ऐकू जायचा, म्हणून तोफ. वाक्य पुन्हा ऐकून म्हणाली, सख्ख्या बहिणींसारख्या म्हणजे भांडायचोच की! मी म्हटलं, तुझ्या नातीचं लग्न ठरायचंय ना? मग तयार झाली. वाक्य म्हणवून घेतलं. ‘माया’पाशी अडखळते.

१७ जून
आमच्याच घरी इंटरव्ह्यू झाले. एकेकीला आत बोलावून. मी दाराआड उभी नव्हते. डबे पुसत होते. डबे दाराजवळ होते.
सगळ्यांनी वाक्य सुरेख म्हटलं. तोफेनं तर हात जोडून. सूनबाई जराशी गोंधळलेली दिसली. भारावली असेल.

२ जुलै
सूनबाई कॉलेजातून आली ती जेवलीच नाही. गाइडबाई म्हणाल्या म्हणे, सहा बायका, सहा घरं, आणि वाक्य एकच? हे इंटरव्ह्यू आहेत की शाळेतली प्रतिज्ञा? बायकांना पढवून पुरावा तयार केलास, असं विभागापुढे मांडावं लागेल. वर्ष तर जाईलच, नावही जाईल पोरीचं.
आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, माया कमी नव्हती... कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.
मी विचारलं, चहा टाकू का?

३ जुलै
संकल्प: आज सूनबाईला सगळं सांगायचं.
पण आज माझं मौन आहे. (दुपारी ठरवलं.)

४ जुलै
मौन वाढवलं.
सूनबाईनं माझ्यापुढे ताट ठेवलं. म्हणाली, आई, तुमच्या मैत्रिणींचा दोष नाही. माझंच विचारायचं चुकलं असणार. देवापुढे जाऊन बसले, तर देवाकडे बघवेना.

संध्याकाळी
सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, तुम्ही शब्द दिला होतात, आई. ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ जुलै
गाइडबाईंकडे गेले. वाटेत पाठ केलेलं भाषण दारातच विसरले. म्हटलं, सगळं मी केलं, पोरीला यातलं काही ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, इंटरव्ह्यू परत होतील. मी स्वतः बसेन. तुम्हीही बसायचं. समोर, दाराआड नाही. कोण कोणाला खुणा करतं ते मला दिसलं पाहिजे.
दाराआडचं यांना कोणी सांगितलं?

१५ जुलै
सुरुवात तोफेपासून. गाइडबाईंनी विचारलं, नळावर भांडणं व्हायची का? कशावरून? तोफेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं ते सांग बाई.
तिनं सांगितलं. हिच्या बादलीवरून! अंधारात उठून सगळ्यांच्या आधी बादली लावायची आणि घरी जाऊन जपाला बसायची. नळ आला तरी हिचा पत्ता नाही. जपाला बसलेल्या बाईची बादली हलवायची कोणी? पाप लागेल! मग उरल्या पाण्यासाठी आम्हीच एकमेकींच्या झिंज्या उपटायचो.
दुसरी आली, तिनं तेच सांगितलं. तिसरीनंही. शेवटचीपर्यंत तेच: पहिली बादली हिची, आणि देव पुढे केलेला.
मी खाली फरशीकडे बघत बसले. इतकी वर्षं मी देवाची कृपा म्हणत होते.
गाइडबाईंनी पेन ठेवलं. सूनबाईचा चेहरा पडला. बाई मला म्हणाल्या, पुन्हा सहा बायका आणि एकच वाक्य. हेही तुम्हीच पढवलंत ना?
हो म्हटलं असतं तर बादलीची गोष्ट खोटी ठरून माझी अब्रू राहिली असती. अगदी ओठावर आलं होतं. समोर सूनबाई होती.
म्हटलं, नाही हो. हे त्यांचं त्यांनाच पाठ आहे.