भावोजींच्या फोल्डरला लागलेलं कुलूप

प्रिय भावोजी,

सप्रेम नमस्कार. (यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे, पण माझी विनंती वगैरे काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहितेय, तेव्हा नुसता नमस्कारच घ्यावा.) तुमची कंबर कशी आहे? दिवसभर दुकानात सायकली दुरुस्त करत वाकून बसता, मधूनमधून उठत जा. ताई काय म्हणते हे विचारत नाही, कारण ती जे म्हणते ते मला दर रविवारी फोनवर तासभर ऐकायला मिळतं. भाच्याचा हलणारा दात पडला का? मी इकडे ठणठणीत आहे. वजन थोडं उतरलंय, पण ते सोमवारपासूनच.

आता तुम्ही म्हणाल, सोमवारी काय झालं? विशेष काही नाही. तुम्ही इथलं संशोधन अर्धवट सोडून गेलात त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून घरात हा विषय काढायचा नाही असा ताईचा हुकूम आहे. तो मोडायची माझी काय बिशाद? पण तुमच्याच खुर्चीत बसून प्रबंध लिहिणाऱ्या मेहुणीने (खुर्चीचं डावं चाक अजून तसंच अडतं) इकडची हालहवाल कळवायला हरकत नसावी.

तळमजल्यावरचा तो मोठा सामाईक संगणक आठवतो ना? तो भरला. नदीतल्या गाळाचं माझं गणित निम्म्यात बंद पडलं, जागा शिल्लक नाही म्हणून. तेव्हा कुणीतरी (नाव कशाला घ्या) कुलूपकाकांना तावातावाने लिहिलं, की सोडून गेलेल्या लोकांचे फोल्डर कसले सांभाळत बसलाय, माणूस गेला की त्याचं सामानही गेलं पाहिजे. कुलूपकाका म्हणजे तो संगणक सांभाळणारे गृहस्थ, तुमच्यानंतर आले. माणूस सरळ आहे. सांगितलेलं ऐकतो, हाच काय तो दोष. त्यांनी बिनमालकाचा सगळ्यात मोठा फोल्डर शोधला, सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याला कुलूप घातलं आणि अठरा तारखेला तो पुसून टाकायचा असं नियमाप्रमाणे जाहीर केलं.

सव्वानऊला भूकंपवाली बाई दारात उभी. साडेनऊला पक्षी मोजणारे दोघे. दहा वाजेपर्यंत अख्खी इमारत जिन्यात जमली होती आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘कालपर्यंत चालत होतं’. शोध घेतला तर सगळ्यांच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ सारखीच निघाली. ती कुणीच स्वतः लिहिली नव्हती. पक्षीवाल्यांनी भूकंपवालीकडून घेतलेली, तिने तिच्या सीनियरकडून, त्याने आणखी कुणाकडून. देताना प्रत्येकाने एवढंच सांगितलेलं, की ही सगळ्यात वर ठेव आणि का ते विचारू नकोस. (शास्त्रज्ञ बरं का ही सगळी! एरवी चहा गरम आहे म्हटलं तरी पुरावा मागतील.) आणि ती ओळ सगळ्यांना नेत होती तुमच्या फोल्डरमध्ये. गणितांना लागणारे सगळे तयार प्रोग्रॅम तुम्ही तिथे बसवून ठेवले होते, एकमेकांशी पटेल अशाच आवृत्त्या निवडून. एकेचाळीस माणसं, तीन वर्षं, रोज. हा आकडा कुलूपकाकांनी काढलेला आहे, मेहुणी म्हणून मी फुगवून सांगत नाही.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, आपणच पुन्हा बसवू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिल्या दिवशी सगळ्या प्रोग्रॅमच्या नव्याकोऱ्या आवृत्त्या आणल्या, तर त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकाला दुसरा नवा हवा, तिसऱ्याला तोच जुना हवा, आणि चौथा म्हणतो तिसरा असेल तर मी येतच नाही. कशीबशी समजूत घालून बसवले, तर माझी नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहायला लागली. ते परवडलं, चूक निदान डोळ्यांना दिसते तरी. बुधवारी नदी सरळ झाली आणि गाळाचा आकडा आला तो जवळपास तोच. फक्त तिसऱ्या दशांशाला वेगळा. ‘जवळपास तोच’ हे शब्द किती भयंकर आहेत हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? परीक्षकांनी कळवलंय, की तोंडी परीक्षेच्या दिवशी तेच गणित आमच्यासमोर चालवा, तेच उत्तर आलं पाहिजे. परीक्षा आहे पंचवीस तारखेला. प्रबंधात एक आकडा आणि पडद्यावर दुसरा, म्हणजे पाच वर्षांच्या कामावर पाणी. मला भीती वाटते, भावोजी.

आणखी एक सांगायचं राहिलं. आपले मार्गदर्शक सर जिन्यात उभे राहून म्हणाले, ‘‘अरे, हे सगळं त्याचं होतं?’’ याच सरांनी तुम्ही जाताना ‘पाच वर्षांत दाखवण्यासारखं काय केलंस’ असं विचारलं होतं, हे मला ताईने सांगितलंय. (हुकूम तिनेच मोडला, मी नाही.) त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. दुसऱ्यांची गणितं नीट चालावीत म्हणून तुम्ही महिनेच्या महिने खपलात आणि तुमचा स्वतःचा प्रबंध राहून गेला, हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. मी तर घरी सांगायचे, की भावोजी तिथे नुसते स्क्रीनकडे बघत बसतात. त्याबद्दल खरंच माफ करा.

असो. बाकी सगळं ठीक. हे पत्र ताईला दाखवलंच पाहिजे असं काही नाही.

तुमची,
मेहुणी

ता. क. सोबत एक फॉर्म आहे, सहज. मूळ मालकाने शाईने सही केली तरच कुलूप निघतं असा नियम आहे. ‘फोल्डर कशासाठी हवा’ या रकान्यात मी पेन्सिलने ‘काम चालू आहे’ असं लिहून ठेवलंय, त्यावरून पेन फिरवा. तिकीट लावलेलं पाकीटही घातलंय. अठराच्या आत पोचायला हवं.

दुसरा ता. क. तावातावाने लिहिणारं ते ‘कुणीतरी’ मीच. ज्या फांदीवर बसले होते तीच तोडा म्हणून अर्ज केला. कुलूपकाकांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून म्हटलं, माणूस सरळ आहे.

तिसरा ता. क. फोल्डरमधली ‘आधी हे वाचा’ नावाची एक फाइल कुलूपकाकांनी मला वाचून दाखवली. तीन वर्षांत ती एकानेही उघडलेली नाही. आत सगळ्या आवृत्त्यांची यादी आहे (त्यातल्या निम्म्या आता तुमच्या फोल्डरशिवाय कुठेच मिळत नाहीत), आणि शेवटी तुमचा नंबर, ‘काही बिघडलं तर केव्हाही फोन करा’. कुणाचाच फोन आला नाही, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल सगळे विसरले. तसं नव्हतं, भावोजी. काही बिघडलंच नाही. आता बिघडलंय, आणि पहिला फोन मीच करणार होते. पण फोन ताई उचलते.