फक्त प्रार्थनेसाठी सांगते

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. इकडे सगळं ठीक. तुझं कार्ड मिळालं. पप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, त्यात त्यांचं नाव नसतं तरी. माझं दवाखान्याच्या धुलाईघरातलं काम चालू आहे. रक्ताच्या, ओकारीच्या चादरी दिवसभर हाताने सुट्या करते आणि घरी येऊन पोटभर जेवते. तुला ठाऊकच आहे, मला कशाची किळस येत नाही.

काल मात्र बायकांच्या प्रार्थनासभेत मला किळस आली.

मास्तरीणबाईंच्या घरी आम्ही आठजणी होतो. गाणं झालं, वाचन झालं. मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "कुणाजवळ बोलायचं नाही हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते." आणि नर्सबाईंच्या मुलीचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कुणाबरोबर दिसली, किती वाजता, कुठला ड्रेस घातला होता. अगं, देवाला ड्रेस कशाला सांगायचा? तरी एकीने विचारलंच, "बिनबाह्यांचा का?" मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि "हे दयाळू पित्या" सुरू! मी डोळे उघडेच ठेवले. एक गालातल्या गालात हसत होती. दुसरी मिटल्या डोळ्यांनी बशीतलं बिस्किट चाचपत होती. शी! रोज सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून आम्ही हेच शिकलो?

मी मोठी शहाणी असल्यासारखं लिहितेय ना? थांब. नऊ वर्षं टाळलं, आज लिहितेच.

त्या दिवशी भांडी पुसताना तू मला म्हणालीस, "मी रोज डोळे मिटते आणि तिथे कुणीच नसतं गं. वर्ष झालं. रविवारी मुलांना प्रार्थना शिकवते आणि मलाच लाज वाटते." तू रडलीस. मी तुला जवळ घेतलं. आणि चौथ्या दिवशी मास्तरीणबाईंच्या त्याच खोलीत खुर्ची पुढे ओढून मी म्हणाले, "फक्त प्रार्थनेसाठी सांगते."

मला छान वाटलं होतं, ताई. घरात, चर्चच्या मंडळीत सगळीकडे तुझंच कौतुक. त्या दिवशी सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या.

रविवारपर्यंत सगळीकडे झालं. पाळकांनी तुझा मुलांचा वर्ग काढून घेतला. तुला वाटलं, पप्पांनी दाराआडून ऐकलं आणि पाळकांना जाऊन सांगितलं. तू त्यांना नको नको ते बोललीस आणि घर सोडलंस. मी तिथेच उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही.

काल सभेत उठून मी हे सगळं बोलले. मास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "चला, आपण हिच्यासाठी प्रार्थना करू या." मी चपला घातल्या आणि निघाले.

घरी पप्पा शेंगा निवडत बसले होते. त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला," म्हणाले. "पाळकांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग ताईला का नाही सांगितलंत?"

"माझ्याशी बोलणं तिने सोडलंच होतं. तुझ्याशीही सोडलं असतं, तर या घरात तिचं कोण उरलं असतं?"

ताई, ते रोज संध्याकाळी सात वाजता प्रार्थनेला बसतात आणि सगळ्यात आधी तुझं नाव घेतात. नऊ वर्षं मी शेजारी बसून आमेन म्हणतेय. त्या आमेनची मला किळस येते. साबणाने जाणारी नाही ती.

आज दुपारी घड्या घालायच्या खोलीत दार लावून टॉवेलांच्या ढिगापाशी बसले. डोळे मिटले. तू म्हणाली होतीस तसंच, कुणीच नव्हतं. मग भांडी पुसणारी तू दिसलीस. काही मागायचं धाडस झालं नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तशीच बसून राहिले.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पप्पांना फोन कर. सातलाच कर. प्रार्थनेतून उठून फोन घेतला, तर देव काही रागावणार नाही. नऊ वर्षं ते त्याच्याकडे तेवढंच मागताहेत.

'प्रार्थनेत आठवण ठेव' असं दर पत्राच्या शेवटी लिहायचे. आज लिहवत नाही.

सांगणारी मीच होते.

तुझी धाकटी