आधी त्यांचं, मग आपलं

शुक्रवार, १६ जानेवारी

चि. भिंगरीस,

आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग. मी मजेत आहे, गुडघा मात्र त्याच्या मर्जीने वागतो.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर आपण दोघी ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’ एवढं बोलून ठेवून देतो. त्यात काही मावत नाही, म्हणून कागद काढला. शिवाय तुझी जुनी तक्रार आहे की मी समोरच्याला बोलू देत नाही. पत्राचं बरं असतं, कंटाळा आला की तू मधेच उठून जाऊ शकतेस आणि मला कळणारही नाही.

तर बातमी अशी की तुझी आई विद्यापीठात जायला लागली. हसून झालं की पुढे वाच.

वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर तुला आठवतात ना, निवृत्त झाले तरी अजून सगळ्यांच्या पाकिटांवरचे पत्ते वाचणारे? ते दर गुरुवारी संध्याकाळी विद्यापीठात व्याख्यानाला जातात. कुणीही यावं, कुणीही ऐकावं, फुकट. आपल्या अवतीभवती चाललेल्या गोष्टींवर बोलतात: घरभाडी, निवडणुका, मोबाइल, शाळा, वर्तमानपत्रं. पोस्टमास्तर मला कधीचे चला चला म्हणत होते. मी म्हटलं, दिवसभर शिलाई मशीन कानाशी खडखडतं, संध्याकाळी आणखी कुणाची खडखड कशाला ऐकू? पण मग त्या गुरुवारचा विषय निघाला आपल्याच बाजारपेठेचा. गाड्या बंद करून रस्ता फक्त चालणाऱ्यांना द्यावा म्हणे. माझं दुकान त्याच रस्त्यावर! गेले तरातरा.

उतरत्या बाकांचा जुना हॉल आहे. बाक असे करकरतात की कुणी कूस बदलली तरी साऱ्या हॉलला कळतं. पोस्टमास्तर पहिल्या पाच मिनिटांत झोपतात आणि प्रश्नांच्या वेळेला बरोबर जागे होतात. हे सगळं चालवणाऱ्या प्राध्यापक बाईंच्या टेबलावर एक पितळी घंटा असते, म्हणून पोस्टमास्तर त्यांना घंटाबाई म्हणतात. त्यांचा एक नियम आहे आणि त्या तो कुणासाठी मोडत नाहीत. वक्त्याला विरोध करायचा असेल तर हात वर करायचा, माइक आला की आधी वक्त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. वक्त्याने मान हलवली, ‘हो, असंच म्हणालो’ म्हटलं, तरच आपला प्रश्न. नाही म्हटलं तर घंटा वाजते आणि माइक पुढच्याकडे जातो. आधी त्यांचं, मग आपलं, असं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही असतं.

मला वाटलं, यात काय अवघड आहे! उठले आणि म्हटलं, “यांचं म्हणणं असं की दुकानदारांनी उपाशी मरावं.”

वक्ते चांगले सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, “नाही हो, असं मी म्हटलं नाही.”

घंटा. सगळा हॉल हसला. पोस्टमास्तर तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुला माहीतच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला हा आपला खानदानी आजार. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी ऐकत होते गं! तास-दीड तास एकही शब्द न सोडता ऐकलं होतं. आणि सांगायला उठले तर त्यांच्या वाक्यांतलं एकही माझ्याजवळ नव्हतं, सगळी माझीच होती.

घरी येताना पोस्टमास्तर म्हणाले, गिऱ्हाईकाचं माप असं घेता का हो तुम्ही? मी त्यांच्याशी जिन्यापर्यंत बोलले नाही.

तुमच्या नव्या घरी जे झालं त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. लिहीत नाहीच आहे. बालवाडीतली तुझी पिल्लं काय म्हणतात? त्या दोन भुवयांच्या मधे रंग लावून येणाऱ्या पोरीचं काय झालं?

तुझी,
आई


शुक्रवार, ३० जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोस्टमास्तरांनी आधी वाचून मग मला दिलं. ‘आई, तू गप्प बसलीस? पुरावा पाठव.’ एवढंच लिहिलंस, पण ते मी दुकानातल्या आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. गिऱ्हाइकं विचारतात, कुणाचं? मी म्हणते, माझ्या चाहत्याचं.

पुरावा घे. काल विषय होता माणसांची कामं यंत्रं करू लागली तर काय. मला त्या वक्त्याला चांगलं झोडपायचं होतं, कारण कपडे शिवणारी यंत्रंही त्याच्या यादीत होती. पण या वेळी मी ठरवूनच गेले होते. माझं काहीही मनात येऊ लागलं की ओठ दाबून धरायचे. हात वर केला, माइक आला आणि मी त्याचं म्हणणं सांगितलं: यंत्राला नको म्हणू नका, पण यंत्रामुळे वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो ते विचारा. वक्ता म्हणाला, “हो, अगदी असंच.”

घंटाबाई म्हणाल्या, आता तुमचा प्रश्न.

आणि मला माझा प्रश्न आठवेना! भिंगरे, देवाशपथ आठवेना. त्याचं सांभाळता सांभाळता माझं हातातून निसटलं होतं. मी म्हटलं, “राहू दे, पुढच्या गुरुवारी,” आणि खाली बसले. बाक करकरला तो वेगळाच. पण एक सांगू? घरी येताना मला फार हलकं वाटत होतं, जिना चढताना गुडघाही बोलला नाही.

पुढच्या महिन्यातले विषय फळ्यावर लागलेत. त्यातला एक वाचून मी चपला घालता घालता थांबले. कुठला ते आत्ता सांगत नाही.

तुझी,
आई


शनिवार, २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि एक विनंती: हे पत्र बसून वाच.

विषय होता ‘मूल नको म्हणणारी पिढी’. मी तुला सांगितला असता तर तू म्हणाली असतीस, आई, तू तिथे जाऊ नकोस. म्हणून सांगितला नाही.

बोलायला आलेली मुलगी तुझ्याच वयाची होती. पाणी पिताना तिने आपल्याच कागदांवर सांडलं तेव्हा मला वाटलं, हिची आई कुठे असेल? मी मात्र तयारीने गेले होते. आठवडाभर मशीनवर बसून माझा प्रश्न घोटला होता, यंत्रवाल्याच्या वेळेसारखा विसरायचा नव्हता. प्रश्न एकच: आम्ही गेल्यावर या मुलींच्या म्हातारपणी यांच्या उशाशी कोण बसणार?

ती छान बोलली. किती जणांचा निर्णय असतो, किती जणांची परिस्थिती असते, घरं किती महाग झाली, लोक अशा जोडप्यांना काय काय ऐकवतात. मी ओठ दाबून ऐकलं. पोस्टमास्तरही या वेळी झोपले नाहीत, माझ्याकडेच बघत होते. मी हात वर केला. माइक आला. फोमची टोपी सैल झालेला, दर गुरुवारचाच तो माइक. मी उठले आणि तिचं म्हणणं सांगू लागले.

“यांचं म्हणणं असं,” मी म्हटलं, “की मुलं आवडत नाहीत असं नाही. दिवसभर त्यांची नाकं पुसण्यातच हिचं मन रमतं. पण घरी आल्यावर हिला शांतता हवी असते, आणि त्या शांततेत हिला काही उणं वाटत नाही. घरातली तिसरी खोली रिकामी नाही, तिथे नवऱ्याची सायकल दुरुस्तीची हत्यारं आहेत आणि हिची चित्रं आहेत. आई मात्र प्रत्येक वेळी तिला रिकामी खोली म्हणते.”

मी थांबले. ती मुलगी टेबलामागून दोन पावलं पुढे आली. मग अगदी हळू म्हणाली, “आजी, हे मी म्हटलं नाही. पण हे कुणीतरी तुम्हाला म्हटलंय.”

घंटाबाईंनी घंटेवर हात ठेवला, पण वाजवली नाही. मी आपणहून माइक पुढच्याला दिला आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. पोस्टमास्तरांनी खिशातून रुमाल काढून दिला. तो मुळीच धुतलेला नव्हता, पण मी घेतला.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुमच्या नव्या घरी सगळी पाहुणेमंडळी बसलेली असताना मी टेबलावर पिशवी ठेवली आणि त्यातून एकेक झबलं काढून सगळ्यांना दाखवलं. पिवळं, पांढरं, बदकांचं. मला वाटलं, सगळे कौतुक करतील आणि तू विरघळशील. केवढं आपलं घोडं पुढे दामटलं मी! तू झबल्यांच्या घड्या घातल्यास, पिशवी माझ्या हातात दिलीस आणि मला दारापर्यंत सोडायला आलीस. दारात तू जे म्हणालीस ते मी त्या दिवशी ऐकलंच नाही, असं मला इतके महिने वाटत होतं. ऐकलं होतं. त्या हॉलमध्ये उभी राहिले तेव्हा कळलं की तुझा शब्दन्‌शब्द माझ्याजवळ आहे, फक्त मी त्यावर माझं बोलणं घालून ठेवलं होतं.

त्या मुलीला मान हलवता आली नाही, कारण म्हणणं तिचं नव्हतंच. ते तुझं आहे, आणि मान तुलाच हलवता येईल. म्हणून नियमाप्रमाणे इथे सांगते. हॉलमध्ये सांगितलं ते सगळं, आणि राहिलेलं हे:

तुझं म्हणणं असं की हे तुम्ही दोघांनी लग्नाआधीच बोलून ठरवलं होतं, कुणी कुणावर लादलं नाही, तेव्हा जावयाला दोष देऊ नये. मूल नको म्हणजे नाती नकोत, असं तू कधीच म्हणाली नाहीस, ते मी माझ्या मनाने लावलं. आणि दारात तू म्हणालीस, “आई, तू झबली शिवायला बसतेस ना, तेव्हा मला वाटतं की मी एकटी तुला पुरत नाही.”

बरोबर सांगितलं का? कुठे माझा ध चा मा झाला असेल तर कळव, मी पुन्हा सांगेन. पुन्हा चुकलं तर पुन्हा. मला आता सवय झाली आहे.

मला तुझं पटलं आहे असं समजू नकोस. पडले तरी नाक वर. बदकांचं झबलं आठवलं की अजून मशीनवरचा हात थांबतो, खोटं कशाला बोलू. पण ती पिशवी आता मशीनमागच्या खुंटीवर नाही. दुकानासमोर फळं विकणारीला मुलगी झाली, तिला देऊन टाकली. काल ती पोर पिवळं झबलं घालून आईच्या खांद्यावर झोपली होती आणि बाही थोडी मोठी होत होती. मला बघून बरं वाटलं, एवढंच. त्यात तुला काही सुचवायचं नाही.

म्हातारपणीच्या उशाचा तो प्रश्न मी तुला विचारणार नाही. विसरले नाही, या वेळी चांगला लक्षात आहे. पण ती माझी भीती आहे, तिचं काय करायचं ते मी बघते. आणि पुरण्याचं म्हणशील तर, भिंगरे, तू मला कधीच अपुरी नव्हतीस. लहानपणी तू घरभर गरगर फिरायचीस तेव्हा मला दुसरीकडे बघायला फुरसत नसायची. मग तू मोठी झालीस, तुझ्या घरी गेलीस, आणि रिकामी झाली ती माझी खोली. ते नाव मी तुझ्या खोलीला दिलं.

माझा प्रश्न आता वेगळाच आहे. नियमाने तू मान हलवल्यावरच मला तो विचारता येतो, पण घंटाबाई इथे नाहीत, म्हणून लिहून ठेवते. उत्तर घाईने देऊ नकोस.

एखाद्या रविवारी मी येऊ का? काही न शिवता, रिकाम्या हातांनी. तुझी चित्रं मी अजून पाहिलेली नाहीत.

हात वर करून बसलेली,
तुझी आई